फ्रेझ्नो म्हणजे काय जालना आहे?

गेल्या रविवारी दादाच्या सिडकोतल्या घरी आमची कौटुंबिक गोलमेज परिषद भरली होती. पोहे झाले, दोनदा चहा झाला, पुण्याहून ताई फोनच्या स्पीकरवर हजर होती. विषय एकच. माझ्या पुतणीनं एमएस करायला कॅलिफोर्नियात नेमकं कुठं जायचं?

पोरीनं इथंच सिव्हिल इंजिनिअरिंग केलंय. तिला पाण्यात काम करायचंय, म्हणजे भूजल, सिंचन, उपसा ह्या विषयात. डेव्हिसला अर्ज केला होता, तिथं झालं नाही. लॉस एंजेलिसच्या एका खाजगी विद्यापीठाचं पत्र आलं, पण फीचा आकडा बघून दादानं ते न बोलता घडी घालून ठेवून दिलं. राहिली दोन. सॅन होजे स्टेट आणि फ्रेझ्नो स्टेट. दोन्हीकडे सिव्हिलचंच एमएस. पोरीचा कल फ्रेझ्नोकडे. तिनं तसं सांगितलं मात्र, स्पीकरमधून ताईचा आवाज आला, "फ्रेझ्नो? ते काय गाव आहे का? ते म्हणजे आपलं जालना झालं!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना स्कूटरवर मात्र स्वतःचा राग यायला लागला. म्हणून ही पोस्ट. नातेवाईक मंडळी इथं वाचतात हे मला माहीत आहे आणि त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय. तोंडावर बोलायला जमत नाही, आमच्या घरात मोठ्यांसमोर धाकट्यानं बोलायची पद्धत नाही. धाकटा पन्नाशीला आला तरी नाही. :)

आधी जालन्याचं बघू. ताई, तुझा जन्म औरंगपुऱ्यातला. लग्न होऊन कोथरूडला गेलीस तेव्हा तुझ्या सासरचे आपल्या गावाबद्दल काय म्हणायचे ते तूच येऊन सांगायचीस. "औरंगाबाद म्हणजे दौलताबादचा किल्ला आणि धूळ, अजून काय आहे तिथं?" तेव्हा तुला किती लागायचं ते! आता गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, समृद्धी महामार्ग झाला, पण पुण्याच्या बोलण्यातला तो सूर काही गेलेला नाही. आणि आज तू तोच सूर लावून एका न पाहिलेल्या गावाला जालना म्हणतेस. जालन्याला शिवी म्हणून वापरतेस!

"जालना सोने का पालना" असं आपली आजी म्हणायची. ते जाऊ द्या, म्हणी काय सगळ्याच गावांच्या असतात. पण ह्याच जालन्यात बद्रीनारायण बारवाले ह्यांनी 1964 साली बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. ज्याला संकरित बियाण्याचं काम शिकायचं असेल त्यानं जालन्याला जावं की पुण्यात फ्लॅट बघावा? उत्तर तुम्हीच द्या.

म्हणजे माझं म्हणणं असं, की फ्रेझ्नो जालना असेल तर असू द्या ना. पाणी शिकायला निघालेल्या पोरीसाठी त्यासारखी जागा नाही.

आता जरा नकाशा काढा. आपल्या डोक्यात कॅलिफोर्निया म्हणजे एक गाव आहे, ज्यात गूगल, हॉलीवूड आणि ताईचा मुलगा राहतो. वास्तविक क्षेत्रफळात ते राज्य महाराष्ट्रापेक्षा मोठं आहे. आपला महाराष्ट्र सुमारे 3 लाख 8 हजार चौरस किलोमीटर, कॅलिफोर्निया 4 लाख 24 हजारांच्या आसपास. लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्को सहाशे किलोमीटरच्या वर, म्हणजे इथून नागपूरपेक्षाही लांब. "कॅलिफोर्नियाला चाललीय" म्हणणं म्हणजे "महाराष्ट्रात चाललीय" म्हणण्यासारखं आहे. महाराष्ट्रात कुठं? गडचिरोलीला की वांद्र्याला?

समुद्राकडची डोंगररांग ओलांडून आत गेलं की तिथं एक लांबच लांब खोरं लागतं. त्याला सेंट्रल व्हॅली म्हणतात. त्याच्या दक्षिण भागात, सॅन वाकीन खोऱ्यात, फ्रेझ्नो आहे. सॅन होजेहून अंतर साधारण 240 किलोमीटर. इथून पुणे 235. योगायोग बघा, सॅन होजेचं पुणं आणि फ्रेझ्नोचं आपलं गाव अगदी तेवढ्याच अंतरावर! तिथलेही किनाऱ्यावरचे लोक खोऱ्यातल्यांना गावंढळ समजतात म्हणे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो. हिवाळ्यात दाट धुकं पडतं आणि हवा खराब असते, हेही सांगून टाकतो, उगाच लपवत नाही. बदाम, संत्री, बेदाणे पिकतात. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांच्या तोंडी असलेली "थॉमसन" द्राक्षं आहेत ना, त्यांना ते नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका कॅलिफोर्नियाच्याच बागायतदारावरून पडलेलं आहे आणि त्या जातीचे मळेच्या मळे ह्या खोऱ्यात पसरलेत. पंजाबी शेतकरी शंभर वर्षांहून अधिक काळ तिथं शेती करतायत. तेव्हा "आपलं तिथं कोणी नाही" हेही तितकंसं खरं नाही. गुरुद्वारात गेलं तर जेवायला तरी नक्कीच मिळेल. :)

आणि पाणी! खरा मुद्दा तिथंच आहे. ह्या खोऱ्यानं जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की जमीन खाली बसली. मेंडोटा नावाच्या गावाजवळ, म्हणजे फ्रेझ्नो काउंटीतच, 1925 ते 1977 ह्या काळात जमीन सुमारे 28 फूट खचली. त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे. विजेच्या खांबाला वर, मधे आणि खाली अशा सालांच्या पाट्या लावल्यात आणि खांबाशी एक भूशास्त्रज्ञ उभा आहे. 1925 ची पाटी त्याच्या डोक्यावर कितीतरी उंच आहे, म्हणजे तेव्हा जमीन तिथं होती. हा फोटो पोरीनं मला दाखवला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना.

आपल्याकडे काळा पाषाण आहे, तो असा खचत नाही. आपल्याकडे बोअर नुसतं कोरडं जातं. चारशे फूट, सहाशे फूट, आणि मग धूळ. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ही पोर वहिनींच्या माहेरी लातूरला सुट्टीत गेलेली होती. परत आल्यावर तिनं मला विचारलं होतं, "काका, रेल्वेनं पाणी आणतात तर ते पाणी आधी कुठं गेलं होतं?" मला सांगता आलं नव्हतं. ती अजून तेच विचारतेय, फक्त आता इंजिनिअर होऊन विचारतेय.

कॅलिफोर्नियानं 2014 साली भूजलाचा कायदा केला. प्रत्येक खोऱ्यातल्या लोकांनी आपली संस्था करायची, उपसा मोजायचा, आराखडा करायचा आणि सगळ्यात बिकट अवस्थेतल्या खोऱ्यांनी 2040 पर्यंत उपसा आणि भरणा ह्यांचा मेळ घालायचा. म्हणजे पुढची चौदा-पंधरा वर्षं ह्या खोऱ्यात विहिरी मोजणारे, पाणी मुरवणारे, हिशोब मांडणारे लोक लागणारच आहेत. आपल्याकडेही 2009 चा भूजल अधिनियम आहेच, पण शेजारच्यानं बोअर किती खोल नेलं हे आपण त्याच्या गाडीवाल्याकडूनच ऐकतो. :( तिकडच्या कायद्याचं काय होतंय, कुठं अडतंय, शेतकरी कुठं भांडतायत, हे शिकायचं तर ते सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधून दिसणार आहे का?

फ्रेझ्नो स्टेटकडे स्वतःचं हजार एकरांचं शेत आहे. ठिबकची आणि पंपांची उपकरणं तपासणारं सिंचन तंत्रज्ञान केंद्र आहे. आपल्या गावात कांचनवाडीला 1980 पासून वाल्मी आहे, पाणी आणि जमीन ह्यांच्या व्यवस्थापनाची संस्था. पैठणला 1976 चं जायकवाडी आहे. मलिक अंबरच्या काळातली नहर आहे, जिच्यामुळे ह्या गावाला चारशे वर्षांपूर्वी पाणी मिळालं. आणि अशा गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, ह्याची आपल्याला सवय झाली. ह्या गावच्या पोरीनं पाणी शिकायचं ठरवलं तर त्यात नवल काय?

आता सॅन होजेच्या बाजूनं जे बोललं गेलं तेही घेतो. एकतर्फी लिहिलं असं कोणी म्हणायला नको.

पहिलं, "सॅन होजेचं नाव आहे." हो, आहे. 1857 पासूनची परंपरा आहे. फ्रेझ्नोची 1911 पासूनची. दोन्ही शिक्षक तयार करायच्या शाळा म्हणून सुरू झाल्या, हे गंमत म्हणून सांगतो. पण मंडळी, ही दोन्ही विद्यापीठं एकाच घरातली आहेत! कॅलिफोर्नियानं 1960 साली उच्च शिक्षणाचा एक मास्टर प्लॅन केला. बर्कली, डेव्हिस वगैरे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे संशोधन आणि डॉक्टरेट, आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीकडे मुख्यतः पदवी आणि मास्टर्सपर्यंतचं शिकवणं, अशी वाटणी झाली. सॅन होजे आणि फ्रेझ्नो दोन्ही ह्या दुसऱ्या घरातली सख्खी भावंडं. आपण ज्याला "नाव" म्हणतोय ते विद्यापीठाचं नसून शेजारच्या कंपन्यांचं आहे.

दुसरं, "आतेभाऊ जवळ आहे." भाचा गुणी आहे, पोरीला विमानतळावर घ्यायला तो फ्रेझ्नोलाही येईल, अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. पण त्याच्या घरी दोन वर्षं राहायचं असं धरून जे गणित मांडलं जातंय ते कोणी त्याच्या बायकोला विचारलंय का? नसेल तर भाडं धरा. फ्रेझ्नोत खोलीचं भाडं सॅन होजेच्या निम्म्याच्या आसपास पडतं. आणि हे पैसे कुठून येणार आहेत? सिडकोचं घर तारण ठेवून. ज्या घरात बसून आपण पोहे खाल्ले तेच घर. दादाच्या निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत. तेव्हा भाड्यातला फरक हा बारीकसारीक विषय नाही, तो दादाच्या म्हातारपणाचा विषय आहे. हे रविवारी कोणीच बोललं नाही, कारण नाव मोठं असलं की हप्ता विचारणं आपल्याला कमीपणाचं वाटतं.

तिसरं, "तिथं राहिली तर सॉफ्टवेअरमध्ये शिरता येईल." हे वाक्य ऐकून पोरीचा चेहरा बघितला असता तर तुम्ही पुन्हा बोलला नसता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सॉफ्टवेअरमध्ये शिरायचं नाहीये! आणि शिरायचं असतं तरी 2022 च्या नोव्हेंबरपासून त्याच भागातल्या बड्या कंपन्यांनी हजारो लोक एका ईमेलवर घरी बसवले ते आपण वाचलं ना? भाच्याच्याच शेजारचे किती परत आले ते त्यालाच विचारा.

चौथं, व्हिसा. शिक्षणानंतर कामाची मुभा साधारण बारा महिने, आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना वर चोवीस. सिव्हिल त्यात बसतं. ही मुदत गावाचं नाव बघून वाढत नाही, सॅन होजेत तेवढीच आणि फ्रेझ्नोत तेवढीच. पुढचं कोणाच्याच हातात नाही. 2025 च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नव्या मुलाखतीच काही आठवडे थांबल्या होत्या आणि सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली, मग त्यावर खुलासे आले. असं हे सगळं हलतं आहे. म्हणून तर म्हणतो, की उद्या परत यावं लागलं तर हातात काय घेऊन येणार, हे आधी बघा. भूजलाचं शिक्षण घेऊन आलेली मुलगी मराठवाड्यात बेकार बसेल असं मला वाटत नाही. बसली तर ती आपली लाज.

पाचवं कोणी बोललं नाही पण सगळ्यांच्या मनात होतं. लग्न. "मुलगी बे एरियात असते" हे सांगायला बरं वाटतं. "फ्रेझ्नोत असते" म्हटलं की समोरचा विचारतो, ते कुठं आलं? म्हणजे तारण ठेवायचं घर दादाचं, दोन वर्षं राबायचं पोरीनं, आणि गाव निवडायचं ते कार्यालयात भेटणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीनं. असं होय?

शिकायला कुठं जायचं हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. निजामाच्या राज्यात इंटरपर्यंतची सोय इथं होती, पुढं शिकायचं तर गाडीनं हैदराबाद गाठायचं, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात, उर्दूतून.  मग 1950 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. मुंबईत त्यांचं सिद्धार्थ कॉलेज 1946 पासून चालू होतं. दुसरंही मुंबई-पुण्यात काढता आलं असतं. त्यांनी मागास म्हणून हिणवला जाणारा मराठवाडा निवडला, कारण गरज इथं होती. त्यानंतर आठ वर्षांनी, 1958 ला मराठवाडा विद्यापीठ आलं. आज आपल्या घरात जे कोणी ग्रॅज्युएट आहेत ते ह्याच विद्यापीठाच्या जिवावर. त्या निवडीचं खाऊन आपण पोरीला सांगतो की आडगावात जाऊ नकोस!

आणि अमेरिकेचंच उदाहरण हवं असेल तर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे घ्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते कॅलिफोर्नियात पोचले. क्रांतीसाठी लष्करी शिक्षण हवं होतं म्हणून सॅन राफेलच्या एका लष्करी अकादमीत शिरले. शेती शिकायची होती तेव्हा वर ऑरेगनला गेले. गदर चळवळीत राहिले आणि शेवटी मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्यावर काम करून नाव कमावलं. जे शिकायचं ते जिथं होतं तिथं ते गेले. त्यांना कोणी स्पीकरवरून अडवलं नसावं.

आता माझं स्वतःचं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे पण त्यावर कोणी बोलत नाही. 1996 साली मला परभणीला कृषीला प्रवेश मिळत होता. मला जायचं होतं. बाबा म्हणाले, "परभणीला जाऊन काय ढेकळं फोडणार? पुण्याला जा, कॉम्प्युटर कर." प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्यांनी मला पुण्याच्या एका कॉलेजात घातलं. पाच जणांच्या खोलीत चार वर्षं काढली, पास झालो, आणि त्यातलं काहीही न आवडता परत आलो. आज वाळूजच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. वाईट काही नाही, पगार वेळेवर होतो. बाबांवर राग नाही, त्यांना जे चांगलं वाटलं ते त्यांनी केलं आणि त्यासाठी स्वतःचा फंड मोडला. पण गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये मी रोज सकाळी तासभर का घालवतो हे बायको विचारते तेव्हा मी विषय बदलतो. पुण्याचं नाव होतं. ते नाव मला कुठंही उपयोगी पडलं नाही.

म्हणून दादा, वहिनी, ताई, तुम्हाला एकच विनंती. विद्यापीठाला होकार कळवून पैसे भरायची मुदत ह्याच आठवड्यात संपतेय. तोवर तिला रोज रात्री फोन करून "नीट विचार कर" म्हणू नका. तिनं विचार केलाय. फोन करायचाच असेल तर तो मेंडोटाच्या खांबाचा फोटो मागवा आणि तो काय आहे ते तिच्याकडून समजून घ्या. अर्धा तास जाईल, पण सॅन होजेचा विषय पुन्हा निघणार नाही असं मला वाटतं.

आणि ताई, मे महिन्यात आलीस की आपण जालन्याला जाऊ. मोसंबीचा रस माझ्याकडून.